खेड्यातील मोबाईल सेवेचा व्यवसाय कसा वाढवावा

निफाड किंवा दिंडोरी तालुक्यात मोबाईल दुरुस्ती आणि रिचार्जचे एक दुकान नीट चालू लागले, की शेजारच्या गावात लगेच दुसरा गाळा घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. आधी आसपासचे तीन-चार आठवडे बाजार निवडून ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी बसावे, फोन पावती देऊन घ्यावेत आणि पुढच्या बाजाराला दुरुस्त करून द्यावेत. दिलेला वार पाळणे फार महत्त्वाचे आहे. मी एकदा एका द्राक्ष बागायतदाराचा फोन वेळेवर देऊ शकलो नाही, ऐन काढणीत व्यापाऱ्याशी त्याचे बोलणे राहून गेले, आणि त्या वस्तीवरून वर्षभर एकही काम आले नाही.

फवारणीच्या दिवसांत बोर्डो मिश्रणाचे (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाचे) हात लागून चार्जिंग जॅकमध्ये हिरवट थर धरतो. जॅक बदलण्याआधी फोन बंद करून तो मऊ ब्रशने आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) साफ करावा, पूर्ण वाळू द्यावा आणि मगच चार्जर लावून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यावर भागते.

माझ्या मते खरी वाढ विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरमधून, म्हणजे सिम घालून फोनवरून मोटार चालू-बंद करणाऱ्या यंत्रातून होते. यातील बरेच स्टार्टर टू-जीवर चालतात, त्यामुळे टू-जी जाळे नसलेल्या जिओचे सिम त्यांत चालत नाही, हे विक्रीपूर्वीच सांगावे. स्टार्टरमधील सिमची मुदत संपली की मोटार घरबसल्या सुरू होत नाही आणि शेतकऱ्याला रात्री वीज आल्यावर मळ्यात जावे लागते. म्हणून स्टार्टरमधील नंबर, मालकाचा नंबर आणि मुदतीची तारीख एका वहीत लिहून मुदतीच्या दोन दिवस आधी स्वतः फोन करावा.

पेठ-सुरगाण्याकडील पाड्यांवर सिम विकण्यापूर्वी प्रत्यक्ष तेथे जाऊन कोणत्या कंपनीची रेंज येते ते तपासावे. जुना नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून आहे. त्यासाठीचा संदेश १९०० वर ग्राहकाच्याच फोनवरून पाठवावा. सिमविक्रीसाठी कंपनीकडे रीतसर नोंदणी असावी आणि एकाच्या आधारवर दुसऱ्याला सिम कधीही देऊ नये. जुना फोन विकत घेताना इंग्रजीत KYM लिहून, जागा सोडून त्या फोनचा १५ अंकी आयएमईआय (ओळख क्रमांक) संदेशाने १४४२२ वर पाठवावा आणि तो फोन बंदी घातलेला नाही याची खात्री करावी.

वर्षभराने वही उघडून कोणत्या गावाची नावे सर्वाधिक आहेत ते पाहावे, आणि दुसरा गाळा त्या गावात घेऊन तेथीलच एखाद्या मुलाला किंवा मुलीला शिकवून बसवावे.