तणनाशक-सहनशील भात: पोटरीपासून कापणीपर्यंत रानभाताची राखण

इमॅझेथापायर हे तणनाशक फवारूनही तग धरणारे भाताचे वाण थेट पेरणीत सोयीचे पडतात. निंदणीची मजुरी वाचते, आणि एरवी भातातून वेगळा काढता न येणारा रानभातही मरतो. ही दुसरी सोय टिकवायची असेल, तर पीक पोटरीला, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याच्या बेताला, आल्यावर शेतात पुन्हा उतरावे लागते. फवारणीबरोबर तणाचा विषय संपला, असे या वाणांत धरून चालत नाही.

रानभात भाताचाच भाऊबंद, त्यामुळे दोघांचा संकर होऊ शकतो आणि पिकाची सहनशीलता रानभातात उतरते. भात मुळात स्वपरागी आहे, म्हणजे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. फूल थोडाच वेळ उघडे असते आणि परागकण काही मिनिटांत निकामी होतात, म्हणून संकराचे प्रमाण बहुधा १ टक्क्याच्या आतच राहते. पण हिशेब मांडून बघा. शेतात रानभाताची १,००० झाडे राहिली, प्रत्येकाला ५०० दाणे धरले आणि हजारात एकच दाणा संकरित निघाला, तरी ५०० सहनशील बिया जमिनीत पडल्या. पुढच्या फवारणीत बाकीचा रानभात मरतो आणि नेमका हाच उरतो. अमेरिकेत असे वाण २००२ मध्ये बाजारात आले आणि काही वर्षांतच आर्कान्सामध्ये फवारणीला दाद न देणारा रानभात सापडला.

आता शेतात काय बघायचे? ओळीबाहेर उगवलेले झाड आधी संशयित धरा. पिकापेक्षा उंच, पाने फिकट, लोंबीला कुसळ, हात लावताच गळणारे दाणे, अशा खुणा असतात, पण प्रत्येक झाडात सगळ्या दिसतीलच असे नाही. पहिल्या पिढीचे संकरित झाड बहुतेक वेळा जोमदार, उंच आणि उशिरा निसवणारे असते, म्हणून एका फेरीत काम होत नाही. झाड फवाऱ्यातून सुटले, मागाहून उगवले की खरेच सहनशील आहे, याचा काथ्याकूट या टप्प्यावर नको, उपटा. फुलोऱ्याआधी उपटलेले कोरड्या जागी वाळू द्यावे. दाणा भरू लागला असेल तर लोंब्या आधी पोत्यात, मग झाडाला हात.

सर्वांत मोठी फसगत घरच्या बियाण्यात होते. दाण्यावरचा तांबडा थर मादी झाडाचा असतो. रानभाताचा पराग पिकाच्या फुलावर पडला, तर तो दाणा सोलल्यावर पांढराच निघतो. तांबडेपणा त्यातून उगवलेल्या झाडाच्या दाण्यांत दिसतो. म्हणजे वेचून-पाखडून घेतलेले बियाणे रानभाताचा वारसा आणि सहनशीलता, दोन्ही घेऊन पेरले जाऊ शकते. ज्या शेतात फुलोऱ्याच्या वेळी रानभात होता, तिथले दाणे बियाण्याला ठेवू नका, कितीही स्वच्छ दिसले तरी. वाण संकरित असेल तर तसेही ठेवायचे नाही.

औषध बदलण्याविषयी एक गैरसमज आहे. बिसपायरीबॅक किंवा पेनॉक्ससुलाम ही तणनाशके वापरली म्हणजे बदल झाला, असे वाटते. ही दोन्ही आणि इमॅझेथापायर वनस्पतीतल्या एकाच विकरावर, एएलएसवर, घाव घालतात. डबा बदलला, घाव तोच. शिवाय ही दोन्ही नेहमीच्या भातात चालतात, म्हणून रानभातावर त्यांची आशा धरू नये.

हार्वेस्टर शेतात शिरण्याआधी आणि निघताना झाडून घ्या. गळक्या दाण्याचा प्रवास परागापेक्षा यंत्रातून जास्त लांब होतो. कापणीनंतर लगेच खोल नांगरट टाळा. गाडलेली बी सुप्तावस्थेत वर्षानुवर्षे टिकते. वरच पडलेली पाखरे आणि उंदीर खातात, काही ओलीवर उगवते. हलके पाणी देऊन ती उगवू द्या आणि उथळ कुळवून मारा. पुढच्या हंगामी त्या शेतात तोच वाण नको. कडधान्यासारखे दुसरे पीक उत्तम. भातच घ्यायचा असेल तर चिखलणी करून रोपलावणी करा, कारण साचलेल्या पाण्यात रानभात कमी उगवतो. जांभळ्या पानांचा भात मिळाला तर हिरवा रानभात कोवळेपणीच उठून दिसतो.

सहनशील ज्वारी घेणाऱ्यांनी बांधावरच्या बरूकडे, म्हणजे ज्वारीच्या भाऊबंद तणाकडे, असेच बघावे. ज्वारीची गुणसूत्रे २०, बरूची ४०, तरी संकर होतो. बरू मुळकांडांनीही पसरतो, त्यामुळे सहनशील झालेला एक ठोंब बी न धरताही वाढत जातो. ज्वारी फुलण्याआधी तो मुळकांडासकट खणून काढा.