प्रोस्टेटच्या गोळीनंतर शरीरसंबंधात फरक पडलाय? आधी हे करा

पहिलं म्हणजे गोळी आपल्या मनाने बंद करू नका. अचानक सोडली तर काहींची लघवी तुंबते आणि मग रात्री-अपरात्री नळी घालायला हॉस्पिटल गाठावं लागतं.

आधी नक्की काय बिघडलंय ते ओळखा. "पूर्वीसारखं होत नाही" एवढंच सांगितलं तर डॉक्टरला काहीच कळत नाही. इच्छाच होत नाही, की इच्छा आहे पण ताठरता येत नाही किंवा टिकत नाही, की सगळं नीट होतं पण शेवटी वीर्य येत नाही? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणंही बरेचदा वेगळी असतात. आणि हे गोळीच्या आधीपासून होतं का तेही आठवा, कारण या वयात शुगर आणि बीपीमुळेही ताठरता जाते, शुगर तपासली नसेल तर तपासून घ्या.

मग स्ट्रिप उलटी करा, ब्रँडचं मोठं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा (दिसत नसतील तर मोबाईलवर फोटो काढून झूम करा). टॅमसुलोसिन ०.४ किंवा सिलोडोसिन ८ लिहिलं असेल आणि वीर्य कमी येतंय किंवा येतच नाही अशी तक्रार असेल, तर कारण बहुतेक तेच. सिलोडोसिनला हे सगळ्यात जास्त, ट्रायलमध्ये साधारण २८ टक्के लोकांना झालं होतं. यात अपाय काही नाही आणि गोळी बदलली की सहसा पूर्ववत होतं. अल्फुझोसिनला हा त्रास बराच कमी, त्याबद्दल विचारा.

ड्युटास्टेराइड ०.५ किंवा फिनास्टेराइड ५ असेल तर गोष्ट वेगळी. ही औषधं हार्मोनवर काम करून गाठ (म्हणजे वाढलेली प्रोस्टेट) आकसवतात, त्यामुळे इच्छा, ताठरता, वीर्य तिन्हींवर परिणाम होऊ शकतो, आणि काही जणांनी गोळी थांबवल्यावरही त्रास राहिल्याचं कळवलंय, म्हणून हे लवकर बोला. आपल्याकडे टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास देतात, माणसाला पत्ताच नसतो की आपण दोन औषधं घेतोय! गाठ फार मोठी नसेल तर त्यातलं ड्युटास्टेराइड खरंच लागतं का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइडने पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणी) साधारण निम्मा दिसतो, तेव्हा रिपोर्ट दाखवताना गोळी चालू आहे हे सांगाच.

टाडालाफिल ५ रोज घेतली तर लघवी आणि ताठरता दोन्हीला उपयोग होतो. पण छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट घेत असाल तर अजिबात नाही, बीपी धोकादायक पडतं. टॅमसुलोसिनबरोबर घ्यायची असेल तरी डॉक्टरला विचारूनच, चक्कर येऊ शकते.

ऑपरेशन ठरत असेल तर हे आधी विचारा, नंतर नाही. दुर्बिणीतून गाठ खरवडतात त्या टीयूआरपीनंतर दहात सहा-सात जणांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं, नंतरची लघवी थोडी गढूळ दिसते, घाबरू नका. हे सहसा कायमचं असतं, पण ताठरता बहुतेकांची शाबूत राहते. होलेप लेसरलाही तेच. युरोलिफ्ट (क्लिप लावून गाठ बाजूला ओढतात) आणि रेझूम (वाफेने गाठ आकसवतात) यात वीर्य बहुतेक वेळा टिकतं, पण त्या प्रत्येक गाठीला चालत नाहीत आणि सगळीकडे मिळतही नाहीत.

आणि ओपीडीत शेजारी मुलगा किंवा सून बसलेली असली की तोंडातून शब्द फुटत नाही, हे अगदी खरं आहे. घरूनच चिठ्ठीवर औषधाचं नाव, केव्हापासून, तिन्हींपैकी कोणती तक्रार असं लिहून न्या आणि केसपेपरबरोबर सरकवा, किंवा सरळ "दोन मिनिटं एकट्याशी बोलायचंय" म्हणा. बायकोला मात्र आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिला वाटत राहतं की आपल्यातच काही कमी आहे. अजून मूल हवं असेल तर ऑपरेशनच्या आधी वीर्य साठवून ठेवायची सोय कुठे आहे तेही त्याच भेटीत विचारून घ्या.