उडतं मोहोळ पेटीत घ्यायचंय? या चुका टाळा

फेब्रुवारी-मार्च आला की आमच्या इंदूरात कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, अहो आंब्यावर मधमाशांचा घड लोंबतोय, लवकर या. ती घाईच नडते.

सगळ्यात पहिले माशी कुठली ते बघा. पाण्याच्या टाकीखाली किंवा उंच बिल्डिंगच्या छज्ज्याला एकच मोठ्ठं पोळं म्हणजे आग्या, तिच्या वाटेला जाऊच नका, ती पेटीत राहत नाही आणि चिडली तर गल्लीभर पळवते. झुडपात तळहाताएवढं पोळं म्हणजे फुलोरी, ती पण उघड्यावरच राहणारी. मी नवीन होतो तेव्हा राजेंद्र नगरात मेंदीच्या कुंपणातली फुलोरी मोठ्या हौसेने पेटीत घातली, दुसऱ्या दिवशी बघतो तर पोळं आहे आणि माशी एक नाही! पेटीत टिकते ती सातेरी, म्हणजे आपली पोकळीत राहणारी देशी माशी, नाहीतर कुणाच्या पेटीतून निघालेली मेलिफेरा, ती परदेशी पाळीव माशी.

दुसरं म्हणजे धूर. पोळ्यात बसलेल्या माशा धुराने मधावर तुटून पडतात म्हणून शांत होतात, पण थवा, म्हणजे फांदीवरचा हा घड, पोट भरूनच निघालेला असतो, त्याला घर नाही न् पिल्लं नाहीत, तो तसाही शांतच, जास्त धूर केला की सरळ उडून जातो. साखरेच्या पाण्याचा हलका फवारा पुरे, चिंब नका करू.

आता खरी चूक. फांदी झटकली, माशा पेटीत पडल्या, झाकण लावलं की लोक पेटी गाडीवर टाकून निघतात, आणि राणी वर फांदीवरच राहिलेली असते. मग काय, सगळ्या परत तिच्याकडे. पेटी तिथेच सावलीत ठेवा, दारापाशी माशा शेपूट वर करून पंख हलवत बसल्या आणि बाकीच्या चालत आत जायला लागल्या की समजा राणी आत आहे. उलट सगळ्या बाहेर पडायला लागल्या तर फांदी परत शोधा. अंधार पडल्यावरच पेटी हलवायची.

रिकामी कोरी पेटी पण नको. दुसऱ्या पेटीतली अंडी-अळ्यांची एक चौकट घातली तर पिल्लं सोडून सहसा जात नाहीत, सातेरीला तर पळायची खोडच असते. राणी बाहेर जाऊ नये म्हणून पेटीच्या दाराला गेट लावतात, चालतं, पण दोन-चार दिवसच, कारण त्याच पोळ्यातून पहिल्या थव्याच्या मागून निघालेल्या थव्यात राणी कुमारी असते, तिला मिलनासाठी बाहेर पडावंच लागतं.

घड विजेच्या तारेजवळ असेल तर सोडून द्या, शिडीवर एकटे चढू नका, आणि डंखानंतर श्वास लागला, तोंड सुजलं तर हळद-चुना करत बसू नका, थेट हॉस्पिटल. माशांना साखरेचा पाक संध्याकाळी द्या, दिवसा दिला की शेजारच्या माशा लुटायला येतात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या. आठवड्यानंतर एकदाच उघडून बघा, अंडी दिसली तर झालं, कुमारी राणी असेल तर अजून दोनेक आठवडे थांबा, रोज झाकण उचकटू नका.