फाटकावर गाडी बघायला जाताय?

कोल्हापूर-मिरज मार्ग सुरू झाला 1891 मध्ये, संस्थानच्या काळात. आधी मीटरगेज होता, ब्रॉडगेज झाला 1971 मध्ये. एवढ्या जुन्या मार्गावरची गाडी पोराबाळांना दाखवायची तर स्टेशनच्या गर्दीपेक्षा रुकडी-हातकणंगले बाजूचं एखादं गावाकडचं फाटक गाठा.

आधी उन्हाचा हिशोब करा. मार्ग साधारण पूर्व-पश्चिम आहे. म्हणजे सकाळी मिरजेकडे जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन पडतं, संध्याकाळी कोल्हापूरकडे येणाऱ्या. थंडीत रुळांच्या दक्षिणेला थांबा, सूर्य पाठीशी राहतो आणि फोटो लख्ख येतो.

फाटकाच्या बऱ्याच अलीकडे रुळालगत ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी असते. सी म्हणजे सीटी, फा म्हणजे फाटक. तिथूनच ड्रायव्हर हॉर्न द्यायला लागतो. पोरांना ते आधी सांगून ठेवा, मग हॉर्न ऐकू आला की कशी टाचा उंचावून बघतात ते बघाच!

तुमची स्वतःची गाडी मात्र रस्त्याकडेला लावू नका. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या फाटकाला रांगेनं उभ्या असतात, त्यांना वळायला जागा लागते. वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात, त्यामुळे सेल्फी स्टिक उंच धरायची नाही. बंद फाटकाखालून वाकून तर कुणीच जायचं नाही, घाई कितीही असो. आणि गेटमनला गाडीची वेळ विचारायची असेल तर फाटक उघडल्यावर विचारा. हातात झेंडी असताना त्याचं लक्ष रुळावरच राहू द्या.