सिंक आणायला जाताना परातीचं माप घेऊन जा

नवीन ओटा करताना सिंक सगळ्यात शेवटी आठवतं, मग दुकानदार दाखवेल ते घेतलं जातं. आधी घरातली मोठी परात आणि कुकर टेपनं मोजा. आमची परात १८ इंची आणि पहिलं सिंक आतून जेमतेम १५. कित्येक वर्षं परात तिरकी धरून घासली, निम्मं पाणी पोटावर. सांगतात ते माप बहुतेक वेळा बाहेरच्या कडेचं असतं, म्हणून टेप आत लावा. खोली ८-९ इंच पुरे. जास्त खोल घेतलं की वाकून वाकून कंबर बोलायला लागते.

स्टीलचा पत्रा ३०४ ग्रेडचा मागा, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. सांगलीत गणपती पेठेत काय किंवा आणखी कुठं काय, लोहचुंबक लावून 'बघा, चिकटत नाही' असं कुणी दाखवलं तर भुलू नका. स्वस्त २०२ ग्रेडच्या स्टीललाही तो सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. जाडी १ मिमी तरी हवी. जाडी गेजमध्ये सांगितली तर हिशोब उलटा असतो: आकडा लहान, तितका पत्रा जाड. तळाला खालून रबरी पॅड आहे ना, तेही पाहा, नाहीतर भांडी घासताना पहाटे अख्खी गल्ली जागी.

पांढरं क्वार्ट्झ (दगडाच्या भुकटीचं) सिंक दिसतं झकास. पण हे हळदीचं गाव. पिवळे डाग काढत बसायची हौस असेल तरच घ्या.

बोअरचं पाणी असेल तर चकचकीत नको, मॅट घ्या. क्षाराचे डाग कमी दिसतात.