चवळीच्या विषाणूच्या कवचात डॉक्सोरुबिसिन कसं भरावं

विषाणूचं कवच रिकामं केलं की डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध आपोआप आत जाऊन बसेल, असं धरूनच माझ्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी कामाला लागतात. मी आधी विद्युतभाराचं विचारते. चवळीची पानं पिवळट, ठिपकेदार करणारा सीसीएमव्ही (काउपी क्लोरोटिक मॉटल व्हायरस) हा विषाणू साधारण २८ नॅनोमीटरचा, एकाच प्रथिनाच्या १८० प्रतींनी बनलेला. या प्रथिनांची आतली टोकं धनभारित असतात, कारण त्यांना ऋणभारित आरएनए धरून ठेवायचा असतो. डॉक्सोरुबिसिनही धनभारितच. मग ते आत कशाला थांबेल? मधे ऋणभारित काहीतरी हवं. मी पॉलिस्टायरीन सल्फोनेट हा ऋणभारित लांब साखळीचा पॉलिमर घेते. स्वस्त आहे, आणि प्रथिनं त्याभोवती स्वतःहून कवच रचतात.

शुद्ध विषाणू ०.५ मोलर कॅल्शियम क्लोराइड असलेल्या ट्रिस बफरमध्ये, पीएच ७.५ ला, थंड जागी रात्रभर डायलिसिसला (फक्त लहान रेणू आरपार जाऊ देणाऱ्या पिशवीत) ठेवा. थोडं डीटीटी (प्रथिनांत गंधकाचे बंध होऊ न देणारं रसायन) घालायला विसरू नका. कवच सुटतं, आरएनए साका होऊन बसतो. अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा निवळ भाग तेवढा घ्या आणि २८० व २६० नॅनोमीटरला शोषण मोजा. २८० चा आकडा २६० च्या दीडपटीहून जास्त आला, तरच पुढे जा. कमी आला तर आरएनए उरलाय. इथे घाई करणाऱ्याला मी पुढची बाटली उघडू देत नाही.

आता सल्फोनेट आणि डॉक्सोरुबिसिन वेगळं मिसळा. सगळे ऋणभार औषधानेच झाकले, तर प्रथिनाला पकडायला काही उरत नाही, म्हणून औषध बेताने घाला. फॉस्फेट बफर टाळा, त्यात डॉक्सोरुबिसिनचा साका होऊ शकतो. हे मिश्रण प्रथिनात घाला, पीएच ७.२ ला, मीठ कमी ठेवून. पीएच मुद्दाम ७.२: ४.५ ते ५ ला रिकामी कवचंसुद्धा बनतात, मग भरलेली कोणती आणि पोकळ कोणती हे सांगता येत नाही. (औषध पेशींना मारणारं आहे, दुहेरी हातमोजे आणि हूड यावर चर्चा नाही.)

सुटं औषध आकारानुसार वेगळं करणाऱ्या कॉलममधून काढा. मोठे कण आधी बाहेर येतात. त्याच कॉलममधून प्रथिनाशिवायचं, फक्त सल्फोनेट-औषधाचं मिश्रणही चालवा. तेही कणांच्याच जागी बाहेर येत असेल, तर रंग पाहून औषध आत गेलं म्हणणं फोल आहे.

खरी फसगत मोजणीत होते. औषध ४८० नॅनोमीटरला मोजा, पण प्रथिन २८० ला मोजू नका: डॉक्सोरुबिसिन आणि सल्फोनेट दोन्ही अतिनील भागात शोषण करतात, त्यामुळे प्रथिन जास्त दिसतं. ब्रॅडफोर्डसारखी, रंग बदलण्यावरून प्रथिन मोजणारी चाचणी वापरा, आणि औषध-सल्फोनेटचा कोरा नमुनाही त्याच चाचणीत घाला. औषधाची चमक (फ्लुरोसन्स) मोजायची असेल तर कण आधी फोडा, कारण दाटीवाटीत डॉक्सोरुबिसिनची चमक विझते. आणि 'एका कणात इतके रेणू' हा आकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली आकार पाहिल्याशिवाय लिहू नका. सल्फोनेटच्या साखळीच्या लांबीप्रमाणे कवच लहान-मोठं होतं. ६० प्रथिनांचा कण बनला असताना १८० ने हिशेब केलात, तर आकडा तिप्पट फुगतो. असे फुगलेले आकडे मला अहवालात वरचेवर दिसतात.

शेवटी गळती तपासा: ३७ अंशांना, पीएच ७.४ आणि ५ अशा दोन्ही ठिकाणी, रक्तद्रव घालून आणि न घालता. डायलिसिसच्या पिशवीतून सुटं डॉक्सोरुबिसिनसुद्धा वेळ घेऊनच बाहेर येतं, म्हणून शेजारी फक्त सुट्या औषधाची एक पिशवी लावाच. दोन्ही पिशव्यांतून औषध सुटण्याच्या आलेखरेषा एकमेकींवर बसल्या, तर कवच औषध धरत नाहीये. पेशींवर जाण्याआधी भाराचं प्रमाण पुन्हा जुळवायला घ्या.