रेष गुळगुळीत होत नाही? व्हेक्टर ड्रॉइंगमधल्या या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की नाशिकला शालिमारजवळच्या माझ्या दुकानात ढोलपथकांची मुलं यायला लागतात. पथकाचं बोधचिन्ह ढोलावर चिकटवायला रेडियम स्टिकरमध्ये कापून हवं असतं. फाइल मागितली की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो पुढे करतात. त्यांची चूक नाही. मूळ फाइल बनवणारा कधीच पुण्या-मुंबईला निघून गेलेला असतो. मग तो फोटो ट्रेस करायचा, म्हणजे सॉफ्टवेअरकडून त्याच्या कडांच्या रेषा काढून घ्यायच्या, त्या नीट करायच्या आणि कटरला, म्हणजे रेडियम कापणाऱ्या मशीनला लावायच्या. सांगायला काम एवढंच, पण आमच्या धंद्यात सर्वात जास्त रेडियम वाया जाताना मी इथेच पाहिलंय.

गेल्या वर्षी माझ्याकडे शिकायला आलेला मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "ताई, तीनदा स्मूथ मारलं, तरी 'शि' वाकडाच दिसतोय." मी फाइल वायरफ्रेममध्ये, म्हणजे रंगांशिवाय नुसत्या कडा दिसतील अशी, उघडली. 'नाशिक' या एका शब्दावर सहाशेच्या वर नोड, म्हणजे रेषेचे तुकडे जोडणारे बिंदू होते. वेलांटीवर तर मुंग्यांची रांग लागल्यासारखे. त्याने केलेल्या चुका मी दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या फाइलमध्ये बघते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्मूथचं बटण दाबत राहणं

दोन नोडांमधलं वळण चार बिंदूंवर ठरतं: दोन टोकांचे नोड आणि त्यांची एकेक हँडल, म्हणजे नोडमधून निघणारी, वळणाला दिशा देणारी दांडी. १९६० च्या दशकात रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी गाड्यांच्या बॉडीचे आकार रेखण्यासाठी ही पद्धत वापरात आणली, आणि आज कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर, इंकस्केप ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर सगळी तीच वापरतात. मुद्दा असा की दोन नोडांमधलं वळण मुळातच गुळगुळीत असतं. खडबड दिसते ती नोडांच्या सांध्यावर. सांधे जितके जास्त, तितक्या खडबडीच्या जागा जास्त.

खात्री करायची असेल तर एक वर्तुळ काढा, त्याचं कर्व्हमध्ये (नोड असलेल्या रेषेत) रूपांतर करा आणि नोड मोजा. फक्त चार असतात. त्या चार नोडांवरचं वर्तुळ खऱ्या वर्तुळापासून ०.०३ टक्क्यापेक्षाही कमी ढळतं. दोन फूट व्यासाचा गोल कापला तरी ही चूक ०.१ मिलिमीटरच्या आत राहते. अख्ख्या गोलाला चार पुरतात, तर एका वेलांटीला चाळीस कशाला?

ट्रेस केलेल्या फाइलवर स्मूथ मारलं की सॉफ्टवेअर नोड थोडे कमी करतं, पण कुठला ठेवायचा आणि कुठला काढायचा हे ते अक्षर वाचून ठरवत नाही. दोन-तीनदा मारलं की पोट आत जातं, कोपरा वितळतो आणि तरीही नको तिथे दोन नोड शेजारी शेजारी उरतात.

इंकस्केप वापरणाऱ्यांना दोन गोष्टी हमखास नडतात. तिथे कंट्रोल+एल म्हणजे सिम्प्लिफाय, नोड कमी करण्याची आज्ञा. हे पटापट लागोपाठ दाबलं तर प्रत्येक वेळी त्याची मात्रा वाढत जाते. एकदा दाबून थांबायचं, बघायचं, मग लागलं तरच पुन्हा. दुसरं म्हणजे ही मात्रा सिलेक्शनच्या एकूण आकारावर ठरते. एक छोटं अक्षर एकटं निवडलं तर ते हलकेच सुधारतं. तेच अक्षर मोठ्या चौकटीसकट निवडलं तर पार चेंगरून जातं. 'काल बरोबर झालं होतं, आज बिघडलं' या तक्रारीमागे मला बऱ्याचदा हेच सापडलंय.

कोरलमध्ये शेप टूल घ्या (एफ१०), सगळे नोड निवडा आणि वरच्या पट्टीतलं रिड्यूस नोड्स वापरा. शेजारचा कर्व्ह स्मूथनेसचा स्लायडर हळूहळू सरकवा आणि नजर आकारावर ठेवा. आकार हलायला लागला की मागे या. हा फक्त कचरा काढण्याचा टप्पा आहे. पुढचं काम हातानेच करायचं.

नोड भलत्याच जागी ठेवणं

त्या 'शि'ची वेलांटी आम्ही दोघांनी बसून पुन्हा काढली. ती कशी, ते सांगते.

बाहेरच्या कडेला तीन नोड. पहिला, जिथे वेलांटी काना सोडून वर निघते. दुसरा, कमानीच्या सर्वात उंच जागी. तिसरा, उजवीकडे खाली येऊन टेकते तिथे. आतल्या कडेलाही तसेच तीन. उंच जागेच्या नोडची दोन्ही हँडल अगदी आडवी ठेवली. हँडल ओढताना कंट्रोल दाबून ठेवलं की ती ठरलेल्या कोनांनाच सरकते आणि आडवी धरायला सोपं जातं. त्यानंतर हँडलची लांबी. साधारण त्या वळणाच्या तुकड्याच्या एक-तृतीयांश. फार आखूड ठेवलं तर वळण मध्येच चपटं होतं, फार लांब ठेवलं तर त्याला टेंगूळ येतं. सहा नोडांत वेलांटी उभी राहिली. मुलगा बराच वेळ तिच्याकडे बघत बसला होता.

नियम असा की वळण जिथे सर्वात वर, सर्वात खाली, सर्वात डावीकडे किंवा सर्वात उजवीकडे पोचतं, तिथे नोड द्यायचा आणि हँडल तिथे सरळ आडवं किंवा सरळ उभं ठेवायचं. फाँट बनवणारेही असेच नोड देतात. 'क'चं पोट, 'ळ'चे दोन गोळे, 'ह'ची शेपटी, सगळीकडे हे लागू पडतं. वळण जिथे दिशा बदलून उलटं फिरतं, म्हणजे इंग्रजी एससारखं, तिथे मध्ये एक नोड घातला तरी चालतो, पण बऱ्याचदा तोही लागत नाही.

नोडचा प्रकार चुकला तर हे सगळं फुकट जातं. स्मूथ नोडची दोन्ही हँडल एकाच सरळ रेषेत असतात, लांबी मात्र वेगवेगळी असू शकते. सिमेट्रिकलमध्ये लांबीही सारखीच. कस्पमध्ये दोन्ही हँडल मोकळी, म्हणजे कोपरा. पुष्कळ जण सगळे नोड निवडून सिमेट्रिकल करून टाकतात, कारण नाव छान वाटतं. मग एका बाजूला मोठं वळण आणि दुसऱ्या बाजूला छोटं असलं की छोटं फुगतं. अक्षरांसाठी स्मूथ वापरा. सिमेट्रिकल मी फक्त गोल आणि लाटांसाठी ठेवते.

कोपरेही घासून काढणं

पूर्वी रविवार कारंजा, मेन रोडवरचे बोर्ड पेंटर हाताने लिहायचे. चपट्या ब्रशने एक ओढ घेतली की शिरोरेघेचं टोक तिरपं कापल्यासारखं धारदार यायचं आणि पोट गोल. देवनागरी अक्षराला जीव येतो तो या दोन्हींमुळे. स्मूथ करताना आपण पोटासोबत टोकही गोल करतो आणि अक्षर साबणाच्या झिजलेल्या वडीसारखं दिसायला लागतं.

म्हणून क्रम उलटा करा. आधी कोपरे शोधा: शिरोरेघेची टोकं, कान्याचा पाय, 'र' खाली जिथे मोडतो ती जागा, 'श'च्या गाठीतली खोबण. तेवढे नोड कस्प करून टाका. मग फक्त वळणांवरचे नोड निवडून कमी करा. इंकस्केपमध्ये नोड टूलने जादा नोड निवडून साधं डिलीट दाबलं तर तो आकार शक्यतो टिकवून नोड काढतो. मी तिथे सिम्प्लिफायपेक्षा हीच पद्धत वापरते.

काना आणि वळण जिथे मिळतात, ती जागा नाजूक. सरळ रेष संपून वळण सुरू होताना हँडल त्या रेषेच्याच दिशेत हवं. ते जरासं तिरकं झालं तर स्क्रीनवर कळत नाही, पण दोन फुटी अक्षर भिंतीवर लागलं की कान्याला कुबड आल्यासारखं दिसतं.

इथे एक वेगळं सांगायचंय. आपल्या जिल्ह्यात येवल्याच्या पैठणीमुळे लग्नपत्रिकेवर पैठणीचा मोर हवा, अशी मागणी वारंवार येते. लोक साडीचा फोटो ट्रेस करतात आणि मोराची मान गुळगुळीत करून देतात. मग ग्राहक म्हणतो, 'मोर आहे, पण पैठणीचा वाटत नाही.' बरोबरच आहे. पैठणीतला मोर विणलेला असतो. एकेका धाग्याने आकार पुढे सरकतो, म्हणून त्याच्या कडेला बारीक पायऱ्या असतात. त्या पायऱ्या म्हणजे ट्रेसची चूक नव्हे, तीच विणकराची रेष आहे. अशा वेळी स्मूथला हात लावू नका. ग्रिड लावा, नोड ग्रिडला चिकटवणारं स्नॅप चालू करा आणि सरळ रेषांच्या नोडांनी मोर काढा. वेळ जास्त जातो, त्याचे पैसे सांगून घ्या.

मजकूर नुसता कर्व्ह करून पाठवणं

हा त्रास देवनागरीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला हमखास येतो. मजकूर कर्व्ह केल्यावर, म्हणजे फाँटच्या अक्षरांच्या रेषा केल्यावर, वायरफ्रेम बघा: अक्षरं, काने, मात्रा शिरोरेघेपाशी एकमेकांवर चढलेल्या असतात. छपाईत काळ्यावर काळं लपून जातं. कटर मात्र प्रत्येक कड कापतो आणि शिरोरेघेचे तुकडे पडतात.

सगळं निवडून वेल्ड करा, म्हणजे सगळे आकार जोडून एक करा; इंकस्केपमध्ये त्याला युनियन म्हणतात. पण तिथे थांबू नका. दोन अक्षरांच्या शिरोरेघा केसभर वरखाली असल्या तर वेल्डनंतर सांध्यावर बारीक पायरी उरते आणि तिच्यावर अगदी चिकटून दोन-तीन नोड बसतात. झूम करून शिरोरेघेवरून डावीकडून उजवीकडे जा आणि मधले नोड काढून टाका. शिरोरेघेची वरची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग सरळ झाली पाहिजे. मात्रा निघते तिथेच काय ते नोड हवेत. एकमेकांवर बसलेले नोड दिसत नाहीत, पण ब्लेड तिथे क्षणभर अडखळतं आणि रेडियमला चीर पडते.

खराब फोटोवरच ट्रेस चालवणं

फोटो छोटा असेल तर आधी तो तीन-चारपट मोठा करा, हलका ब्लर द्या, मग कॉन्ट्रास्ट इतका वाढवा की फक्त काळं-पांढरं उरेल. त्यानंतर ट्रेस. पिक्सेलच्या पायऱ्या ब्लरमध्ये विरतात आणि ट्रेसला स्वच्छ कड मिळते. कागदावर छापलेलं चिन्ह मिळालं तर फोटो काढत बसू नका, ६०० डीपीआयला स्कॅन करा. आणि चिन्ह साधं असेल तर ट्रेस करूच नका. फोटो मागे लॉक करून वरून पेनने काढा. ट्रेस साफ करायला जेवढा वेळ जातो त्याच्या निम्म्यात होतं.

मशीनकडे जाताना बिघडणं

फाइल निर्दोष असूनही कापलेल्या गोलाला पैलू दिसतात तेव्हा दोष बहुधा एक्सपोर्टमध्ये असतो. कटरला द्यायच्या पीएलटी फाइलमध्ये वळणं सहसा छोट्या छोट्या सरळ तुकड्यांत मोडून जातात. डिझाइन व्हिजिटिंग कार्डाएवढं असताना एक्सपोर्ट केलं आणि कटरच्या सॉफ्टवेअरमध्ये ते चार फूट केलं, तर ते जवळजवळ चौदापट होतं. अर्ध्या मिलिमीटरचा तुकडा सात मिलिमीटरचा होतो आणि डोळ्यांना टोचतो. डिझाइन आधी कोरलमध्येच खऱ्या मापाला न्या, मग एक्सपोर्ट करा.

अंबड, सातपूरला लेझर किंवा सीएनसीवर पत्रा कापायला द्यायचा तर डीएक्सएफ या प्रकारची फाइल मागतात. त्याच्या आर१२ या जुन्या आवृत्तीत स्प्लाइन, म्हणजे सलग वळणदार रेष, नसतेच, त्यामुळे तुमची सगळी मेहनत तिथे पुन्हा सरळ तुकड्यांत मोडते. एका कारखान्यातून मला फोन आला होता, "ताई, मशीन थरथरत चाललंय, फाइलमध्ये काय भरलंय?" मी आर१२ मध्ये दिली होती आणि एका गोलाचे शेकडो तुकडे झाले होते. ऑपरेटरला विचारा की त्याचं सॉफ्टवेअर स्प्लाइन घेतं का. घेत असेल तर नवी आवृत्ती द्या. घेत नसेल तर तुकडे किती बारीक हवेत ते त्याच्याकडूनच कळून घ्या, आणि पहिला तुकडा पुठ्ठ्यावर किंवा भंगार पत्र्यावर काढायला सांगा.

कापायला देण्यापूर्वी मी आणखी एक करते. चिन्ह वायरफ्रेममध्ये ठेवून उलटं फिरवते, डोकं खाली. अक्षर वाचता येईनासं झालं की डोळा अर्थ सोडतो आणि नुसती रेष बघतो. त्या 'शि'च्या वेलांटीला उरलेलं एक छोटं टेंगूळ आम्हाला तसंच सापडलं. कमानीच्या उतरणीवर एक सातवा नोड राहून गेला होता. मुलाने त्यावर डबल क्लिक केलं, तो गेला आणि आम्ही कटर चालू केला.